कानातला शेंदूर

“कानात बघ त्याच्या,” सगुणामावशी म्हणाली.

मी पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेवर झुकून उंदराच्या पाठीवरून फणी फिरवत होते. क्लोरोफॉर्मच्या बरणीतून नुकताच काढलेला, तळहातात मावेल एवढा रानउंदीर. पोट पांढरं, पाठ ओल्या मातीच्या रंगाची. मी त्याच्या अंगावरच्या पिसवा शोधत होते. फणीतून दोन-तीन केस पडले, गवताचं एक कुसळ पडलं, पिसू एकही नाही. सड्यावर धुकं एवढं खाली उतरलं होतं की पाच पावलांवर चरणाऱ्या म्हशी दिसत नव्हत्या, नुसत्या त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

“पाठीवर काय गावायचं न्हाई. कान उलटा कर.”

मी चिमट्यानं कान उलटा केला. आतल्या पातळ कातडीवर केशरी ठिपक्यांचा एक दाट पुंजका होता. कुणी बोटानं शेंदराची चिमूट दाबून बसवावी तसा. मी खिशातलं भिंग काढलं आणि त्याखाली धरलं, तेव्हा तो शेंदूर हलला.

“आमी ह्येला शेंदऱ्या म्हनतो,” ती म्हणाली. “पावसाचा जोर वसरला, तेरडा फुलला की ह्यांच्या कानात शेंदूर भरतो. दिवाळी झाली की जातो. माझी सासूबी हेच सांगायची.”

मी ऐकलं, हसले, आणि पुढचा उंदीर उचलला. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

ही सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयात कीटक समाहारक म्हणून नुकतीच लागले होते. घरोघरचे रांजण पालथे करायचे, डासांच्या अळ्या गोळा करायच्या, गोठ्यातले डास काचेच्या नळीत ओढून घ्यायचे, हे माझं काम. आई शेजारणींना नुसतं “आरोग्य खात्यात आहे” एवढंच सांगायची. मुलगी डास पकडते हे तिला सांगवत नसे.

आंबेरीचा धनगरवाडा नांदगिरीच्या दवाखान्यापासून दोन तासांच्या चढावर होता. अकरा घरं, पन्नास-साठ म्हशी, भोवती नाचणीची आणि वरीची उतरती शेतं, आणि वर मैलभर पसरलेला कातळाचा सपाट सडा. त्या वाड्यात महिन्याभरात तीन बायका तापानं गेल्या होत्या. रक्ताच्या काचपट्ट्यांत हिवताप सापडला नव्हता. सुरतेच्या प्लेगला तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे वाड्यात उंदीर फार झालेत हे कुणीतरी वर कळवल्याबरोबर कार्यालयात धावपळ झाली. उंदीर पकडा, त्यांच्यावरच्या पिसवा मोजा, असा आदेश निघाला. मोजायला मी गेले; मुक्काम नांदगिरीला.

पिंजऱ्यात आमिष म्हणून भजी लावायची असं आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी पहिल्या दिवशी पायथ्याच्या हॉटेलातून भज्यांचा पुडा घेऊन चढले, तेव्हा सगुणामावशी पहिल्यांदा बोलली. तिनं एक भजं खाऊन बघितलं आणि म्हणाली, हे उंदरानं खाण्यापरीस तूच खा. मग तिनं घरातून सुकटीचे तुकडे आणले, पिंजरे कुठल्या बांधाच्या कुठल्या बिळाशी ठेवायचे ते दाखवलं, आणि दुसऱ्या सकाळी वीसपैकी चौदा पिंजऱ्यांत उंदीर होते.

साठीच्या आतबाहेरची, उंच, हाडापेराची बाई. कपाळावर गोंदण, अंगावर काळ्या काठाचं लुगडं. वाड्यात कुणाचं बाळंतपण असो की कुणाचं मरण, बोलावणं तिलाच. तिचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. घरात ती, सून यमुना आणि दोन वर्षांचा नातू. मेलेल्या तिघींची नावं माझ्या वहीत नवऱ्यांच्या नावांसकट लिहिलेली होती. ती मी मावशीसमोर वाचून दाखवली आणि त्या कुठे कामाला जात होत्या ते विचारलं. तिनं माळाकडे हात केला. बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तो माळ म्हणजे पूर्वीचं नाचणीचं शेत. चार वर्षं पड टाकलेलं. त्यात कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि कडेला गेल्या सालच्या पेंढ्यांची गंजी होती. माझे सगळ्यात जास्त उंदीर तिथलेच. त्या गंजीच्या आणि गवताच्या मधून उंदरांच्या ये-जा करण्यानं चक्क वाटा पडल्या होत्या, बोटभर रुंदीच्या, गुळगुळीत.

पिसवा मात्र नव्हत्या. एकतीस उंदरांवर मिळून चार. आमच्या तक्त्यात उंदराची जात, नर-मादी, पिसवांची संख्या, असे रकाने होते. कानातल्या शेंदरासाठी रकाना नव्हता. तरी मी सुईच्या टोकानं थोडे ठिपके उचलून स्पिरिटच्या कुपीत टाकले, आणि चिठ्ठीवर लिहिलं: कान, केशरी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ती कुपी पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवायला हवी होती. पण पाठवायची कशाखाली, कुणाच्या नावानं, हे साहेबांना विचारायला मला संकोच वाटला. कुपी माझ्या पिशवीत राहिली. तेरा दिवस.

एके दिवशी दुपारी धुकं उघडलं. सड्यावर असं ऊन वर्षात मोजून थोडे दिवस पडतं. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याभोवती निळी, जांभळी, पिवळी फुलं इतकी दाट उगवली होती की पाय कुठे ठेवावा कळेना. यमुना माळावर गवत कापायला आली होती. माझे पिंजरे लावून झाले होते. तिनं फडक्यातली भाकरी आणि ताकाची कासंडी सोडली, आणि आम्ही दोघी कापलेल्या गवताच्या बिछान्यावर बसून जेवलो. ती माझ्याहून लहान होती, वीस-एकवीसची. मुंबईला समुद्राचा आवाज घरात ऐकू येतो का, असं तिनं विचारलं. नवऱ्यानं तसं लिहिलं होतं म्हणे. मी म्हटलं, सगळ्यांच्या घरात नाही येत. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं म्हणून मी म्हटलं, पण गोदीजवळ येत असेल.

मग मी आडवी झाले. गवत उबदार होतं, त्याला कच्च्या दुधासारखा वास होता. यमुनेचा विळा एका लयीत चालला होता, खस्स, खस्स. वर एक घार आभाळाला टांगून ठेवल्यासारखी स्थिर होती. मला झोप लागली. एवढी गाढ, एवढी गोड झोप मला त्याआधी कधी लागल्याचं आठवत नाही. उठले तेव्हा यमुना माझ्या केसांतलं गवत काढत होती आणि हसत होती. त्या दुपारी मला काहीही चावलं नाही, काहीही टोचलं नाही. निदान मला कळलं नाही.

आठवडाभरानं मला ताप आला.

आधी नुसतं डोकं. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे रोवून बसल्यासारखं. मग थंडी, मग अंग असं दुखायला लागलं की चादरीचं वजन सहन होईना. डॉक्टर नाईकनवरे म्हणजे नांदगिरीच्या दवाखान्याचे एकुलते एक डॉक्टर. तिशीचे, कायम झोप अपुरी असलेले, पण कामाला सच्चे. त्यांनी माझं रक्त तपासलं, हिवताप नाही म्हणाले, तरी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, पेनिसिलिन दिलं, आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या खाटेवर ठेवून घेतलं. माझ्या घरी निरोप धाडला होता, पण आमचं गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नर्सबाई लसीकरणासाठी पाड्यांवर गेल्या होत्या. दिवसभर मी एकटी.

त्या दिवसांचं मला आठवतं ते सरळ आठवत नाही. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून धुकं आत यायचं, किंवा मला तसं वाटायचं. चुन्याच्या भिंतीवर सड्यावरची फुलं उगवली होती. निळी आधी, मग जांभळी, मग सगळी भिंतच हलायला लागायची, आणि तिच्या खालून उंदीर यायचे. पळत नव्हते ते. एकामागे एक, शांतपणे, जत्रेला निघालेल्या माणसांसारखे चालत यायचे. प्रत्येकाच्या कानात शेंदूर. ते माझ्या उशाशी थांबायचे, आणि मला वाटायचं की ते मला काहीतरी विचारताहेत, आणि उत्तर मला येत होतं, फक्त आत्ता आठवत नव्हतं. मी म्हणायचे, थांबा, माझ्या वहीत आहे. मग वही उघडायची आणि तिच्यात सगळे रकाने कोरे.

मध्येच यमुना यायची आणि म्हणायची, येतोय की आवाज. समुद्राचा आवाज येतोय. खरंच यायचा.

म्हणून पाचव्या दिवशी दुपारी खाटेजवळ सगुणामावशी उभी दिसली तेव्हा ती मला तापातलीच वाटली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. यमुनेला नऊ दिवस ताप आहे, ती सांगत होती. सहा दिवसांमागं डॉक्टर वर येऊन सुई टोचून गेले होते, उतार नव्हता. आता तिला माणूस ओळखू येत नव्हता, ती मुलाला दूर ढकलत होती. चार बाप्ये मिळून तिला झोळीतून खाली आणायला तयार होते, पण निसरड्या उतारावर वाटेतच काहीतरी होईल म्हणून घरच्यांना धीर होत नव्हता. डॉक्टरांना पुन्हा वर न्यायला ती आली होती, आणि डॉक्टर उपकेंद्रावर गेले होते. शिपायानं तिला बसायला सांगितलं होतं.

मला वाटतं मी तिला म्हटलं, पाणी. तिनं पाणी दिलं. मग माझ्या कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवून काही वेळ उभी राहिली. मग बाहेर गेली, कुठूनतरी कोमट पाण्याची बादली आणि फडकं घेऊन आली, दाराला कडी घातली, आणि मला काही न विचारता माझं अंग पुसायला लागली.

आजारी माणसाला पुसणारे हात मी नंतर पुष्कळ पाहिले. तसे हात पुन्हा पाहिले नाहीत. घाई नाही, लाज नाही, दया नाही. आधी चेहरा, मग मान, मग एकेक हात खांद्यापासून बोटापर्यंत. कुठल्या अवयवानंतर कुठला, हे त्या हातांना पाठ होतं. ते का पाठ होतं ते मला तेव्हा सुचलं नाही. मी डोळे मिटून पडले होते आणि वाटत होतं, सड्यावरच्या खळग्यातल्या पाण्यात मी पडले आहे आणि वरून फुलं वाकून बघताहेत.

तिनं माझ्या परकराची नाडी सैल केली. फडकं कमरेवरून फिरलं, आणि थांबलं.

बराच वेळ ते थांबून राहिलं. मी डोळे उघडले. ती माझ्या उजव्या कुशीखाली, जिथे नाडी बसते तिथे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी काय पाहिलं ते सांगता येणार नाही. एवढंच सांगते की माझी शुद्ध त्या चेहऱ्यानं परत आणली.

“हे कवा झालं?”

मी मान उचलून बघितलं. विडीनं डाग द्यावा तसा एक काळा खपल्याचा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा, भोवती लाल कडं. मी बोट लावलं. दुखत नव्हतं. मला तो तिथे असल्याचा पत्ताही नव्हता.

“माहीत नाही, मावशी.”

ती खाटेच्या कडेला बसली. फडकं तिच्या हातात होतं आणि त्यातलं पाणी फरशीवर टपकत होतं. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत. तिचं ते बोलणं मला अक्षरन् अक्षर आठवतं.

“वाड्यात बाईमानूस मेलं की शेवटची आंघोळ म्या घालते. पयली गेली ती बनाबाई. तिच्या काखंत हा डाग हुता. म्या म्हनलं, भाजलं आसंल. दुसरी लक्षुमी. तिच्या छातीखाली. तवा मला भ्या वाटलं. पन मेलेल्या बाईच्या अंगावर कुटं काय हाय हे भाईर बोलायचं न्हाई, पोरी. आमच्यात न्हाई बोलत. ज्यानं नेलं त्येनं शिक्का मारलाय आसं म्या समजले.” तिनं फडकं बादलीत टाकलं. “तिसरी गंगू. तिच्या मांडीला हुता.”

मला वहीतलं नाव आठवलं. गंगूबाई बाबू एडगे, वय सव्वीस.

“गंगू माजी लेक,” ती म्हणाली.

खिडकीतून धुकं आत येत होतं. ते खरंच येत होतं.

“यमुनीच्या अंगावर म्या बघितलं न्हाई,” ती म्हणाली. “नऊ दीस झालं. तिला पुसलं, पन कापडाखाली बघितलं न्हाई. भ्याले. डाग हाय आसं दिसलं तर मग काय करू.”

माझ्या डोक्यात तेव्हा विचार नीट चालत नव्हते. पण तापाचं एक असतं, जे शुद्धीत दूर दूर ठेवलेलं असतं ते त्यात जवळ येतं. बनाबाई, लक्ष्मी, गंगू, यमुना, मी. पडाचा माळ. गवत. उंदरांच्या गुळगुळीत वाटा आणि त्यांच्या कानांतला हलणारा शेंदूर. आम्ही पाचही जणी त्या गवतात बसलो होतो. मी मावशीला म्हटलं, माझी पिशवी द्या. कुपी काढून हातात घट्ट धरली आणि डॉक्टर येईपर्यंत झोपायचं नाही असं ठरवलं. झोप येत होती. मावशी माझ्या तळपायाला चिमटे काढत बसली.

डॉक्टर तासाभरानं आले. मी त्यांना म्हटलं, सर, मला एक दाखवायचंय. शब्द तोंडातून निघताना माझे कान गरम झाले ते तापानं नव्हे. मी लग्न न झालेली मुलगी, ते जवळजवळ माझ्या वयाचे, आणि रोज एकत्र चहा घेणारे. मी मावशीकडे बघितलं. ती उठून माझ्या उशाशी येऊन उभी राहिली आणि तिनं माझा हात धरला. मी चादर बाजूला केली.

डॉक्टरांनी वाकून बघितलं. बोटानं हलकेच दाबलं. मग मी कुपी पुढे केली आणि सगळं सांगितलं, तुटक, पुढचं मागे, मागचं पुढे. उंदरांचे कान, गवत, तिघींच्या अंगावरचे डाग. मावशीनं मध्येच एकदा मला दुरुस्त केलं, काख डावी होती म्हणाली.

ते सरळ उभे राहिले. मिनिटभर भिंतीकडे बघत होते, ओठ हलत होते. मग म्हणाले, “स्क्रब टायफस.”

ते आम्हाला समजावत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. कोळ्याच्या जातीचा एक बारीक जीव असतो म्हणाले. त्याची पिलं गवताच्या टोकाला वाट बघत बसतात. उंदीर गेला तर उंदराला चिकटतात, माणूस गेला तर माणसाला. चावतात ते कळतही नाही. जिथे कपडा घट्ट बसतो, जिथे कातडी मऊ, तिथे चावतात, आणि तिथे ही काळी खपली पडते. ब्रह्मदेशाच्या लढाईत सैन्यात झाला होता हा ताप. “परीक्षेपुरतं वाचलं होतं,” ते म्हणाले. “आपल्याकडे असेल असं डोक्यातच आलं नाही. आणि पेनिसिलिनचा ह्याला काडीचा उपयोग नाही.”

“आवशीद हाय?” मावशीनं विचारलं.

औषध होतं. कपाटात होतं. डॉक्सीसायक्लिनच्या साध्या कॅप्सूल, दुसऱ्याच कशासाठी तरी आलेल्या, बाहेरच्या खोलीत, माझ्या खाटेपासून पंधरा पावलांवर.

डॉक्टर दोन कॅप्सूल घेऊन आले, मला गिळायला लावल्या, आणि मग त्यांना शंकेनं धरलं. ते म्हणाले की आपला अंदाज चुकीचा असू शकतो. दोन दिवसांत तुमचा ताप उतरला तर नक्की समजेल, मग यमुनेला देऊ. तीन मरणं झाली आहेत. माझ्या हातच्या औषधानं चौथं झालं तर वाड्यावरचं कुणी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. तेही घाबरले होते, आणि त्या खोलीत घाबरलेलं नसलेलं कुणीच नव्हतं.

मी म्हटलं, “सर, दोन दिवस तिच्याकडे नाहीत.”

मावशीनं पदराचं टोक पुढे केलं, गाठ मारायला धरतात तसं, आणि तशीच उभी राहिली. विनवणी नव्हती त्यात. ती नुसती थांबली होती.

डॉक्टरांनी पाकीट आणलं. किती द्यायच्या, कधी द्यायच्या, दुधाबरोबर देऊ नका, गिळता आलं नाही तर कॅप्सूल फोडून पाण्यात, हे तिला तीनदा म्हणायला लावलं. दोन गावांवर तापाचे रोगी खोळंबले होते, ते बघून उद्या सकाळी मी स्वतः चढतो म्हणाले. तिनं गाठ मारली, गाठ कमरेला खोचली, आणि निघाली. दारात वळून मला म्हणाली, “आता बघते मी तिच्या अंगावर.”

माझा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. उतरला म्हणजे कुणीतरी हात काढून घ्यावा तसा गेला. मी घामानं भिजून पडले होते आणि भिंत नुसती भिंत होती. आनंद व्हायला हवा होता, पण मला एकच गोष्ट सुचत होती, की आता औषध खरं ठरलं, आणि वर ते वेळेवर पोचलं की नाही ते माहीत नाही. डॉक्टर सकाळी चढले होते. ओढ्याला पाणी आल्यानं ते त्या दिवशी परतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी खिडकीशी बसून राहायचे. धुक्यातून वाट निघायची आणि धुक्यातच जायची. कुणी खाली येताना दिसलं की तो माणूस कसा चालतोय ते मी बघायचे. निरोप घेऊन येणारा एका तऱ्हेनं चालतो, दूध घेऊन येणारा दुसऱ्या तऱ्हेनं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावरचा धोंडू झोरे दुधाचे कॅन घेऊन उतरला. तो रोज जसा चालायचा तसाच चालत होता. तरी मला त्याला विचारवेना. तोच खिडकीशी थांबला आणि म्हणाला, डॉक्टर मागनं येत्यात, आन् सगुणाकाकूनं सांगितलंय, यमुनीनं अर्धी भाकर खाल्ली.

यमुनेचा डाग गुडघ्याच्या मागे, लवणीत होता. तो बघायला, मावशी नंतर म्हणाली, दिव्यावरची वात उचलायला लागतो एवढाच वेळ लागला.

पुढे जे व्हायचं ते झालं. पुण्याहून माणसं आली, रक्ताचे नमुने गेले, कुपी गेली, डॉक्टरांचं बरोबर ठरलं. पडाचं गवत कापून जाळलं. गंजी हलवली. तापाच्या भीतीनं लोक वाडा उठवून दुसरीकडे न्यायच्या बेतात होते, ते थांबलं. गवतात बसू नका, माळावरून आलात की गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे उकळा, हे मी घरोघर सांगत फिरले. ताप आला की अंगावर डाग शोधा, हे मात्र मला सांगावं लागलं नाही. ते मावशीनं आधीच सांगितलं होतं, आणि अशा रीतीनं की बायका एकमेकींना बघायला लाजत नव्हत्या. त्या साली आणखी चौघींना डाग निघाले. चौघीही जगल्या.

कार्तिकात मी शेवटची चढले. सड्यावरची फुलं संपली होती, गवत पिवळं झालं होतं, आणि धुकं नसल्यानं सगळं फार लांबपर्यंत दिसत होतं. मावशी कातळावर वरी वाळत घालत होती. मी तिच्याशेजारी बसून हातानं दाणे पसरायला लागले. तिनं माझी विचारपूस केली. केस गळायचे थांबले का, जेवण जातं का. यमुना घरात मुलाला ओरडत होती, ते ऐकू येत होतं.

मग तिनं विचारलं. हात चालूच होते.

“बनाबाईच्या टायमालाच म्या बोलले असते तर. डाग हाय म्हनून. गंगू वाचली असती?”

तेव्हापासून आजपर्यंत मी नोकरीत पुष्कळ लोकांना पुष्कळ उत्तरं दिली. त्यातली बहुतेक तक्त्यात बघून देता येत होती. मी म्हटलं, “नाही, मावशी. तेव्हा आम्हालाच काही माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं असतं तरी आमच्यातल्या कुणाला कळलं नसतं.”

कुपी माझ्या पिशवीत तेरा दिवस पडून राहिली, हे मला तिला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं, आणि त्या बघण्यानं मला एकदम आठवलं की त्या दुपारी ती माझ्या उशाशी उभी होती. माझा हात तिच्या हातात होता. डॉक्टरांनी डाग बघितल्यापासून तापाचं नाव घेईपर्यंत किती थोडा वेळ गेला, ते तिनं स्वतः पाहिलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “तसंच आसंल.”

तिनं माझ्या तळहाताला चिकटलेले दाणे झटकले, आणि यमुनेला हाक मारून सांगितलं की पोरगी चढून आलीय, भाकरी टाक.